माझ्या सहीचा लाल टॅग

या सदरातले भुताखेतांचे अनुभव मी बरीच वर्षं वाचते आहे, आणि खरं सांगायचं तर हसण्यासाठीच वाचते. जेवणाच्या सुट्टीत डबा उघडायचा, मोबाईलवर कुणाच्या तरी काकांना दिसलेली बाई वाचायची आणि शेजारच्याला म्हणायचं, "बघ, याही वेळी नेमका कॅमेरा बंद होता!" मी इन्स्ट्रुमेंटेशनची बाई. भिलाईच्या स्टील प्लांटमध्ये विषारी गॅस मोजणारी यंत्रं तपासायची हे माझं काम. ज्याचं रीडिंग येत नाही ते नाही, असा माझा सरळ हिशोब. तेव्हा आज हसायची पाळी तुमची... हसा, पण आधी पूर्ण वाचा.

सुरुवात गाडीपासून करते. कारण गाडीशिवाय यातलं काही कळणार नाही, आणि गाडीबद्दल बोलायची संधी मी सहसा सोडत नाही.

आमच्याकडे एक जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार आहे. दोन दारं, दोन सीटा, वर कापडी हूड, गडद हिरवा रंग. इतकी बुटकी की आत बसून हात बाहेर सोडला तर बोटं डांबराला लागतात. म्हणून सगळे तिला 'ठेंगणी' म्हणतात. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण भिलाईत अशी ही एकच आहे आणि नाव लिहिलं की लोक मला ओळखतील. तसे ओळखतातच म्हणा. सिव्हिक सेंटरला उभी केली की पाच मिनिटांत भोवती घोळका, आणि कुणीतरी विचारतोच, "मॅडम, भैया की गाडी है क्या?" नाही हो. मॅडमचीच आहे. मॅडमच्या बाबांची होती, आता मॅडमची.

बाबा आमगावकडचे. शेतकऱ्याच्या घरातून आले, प्लांटात हेल्पर म्हणून लागले आणि सीनियर फिटर म्हणून रिटायर झाले. ही गाडी प्लांटातल्या एका साहेबांच्या बंगल्यात चिंचेखाली सडत पडली होती. इंजिन जाम, सीटवर कोंबडी अंडी घालायची. साहेबांची बदली झाली तेव्हा ते बाबांना म्हणाले, घेऊन जा, जागा तरी मोकळी होईल. एका रविवारी बाबा आणि त्यांचे चार दोस्त ती ढकलत ढकलत आमच्या सेक्टरच्या क्वार्टरपर्यंत घेऊन आले. मी तेव्हा सहावीत होते. आई फाटकात उभी होती. तिनं गाडी पाहिली, बाबांना पाहिलं आणि म्हणाली, "घरात मानसं चार अन् बसाले जागा दोन. कोनाले सोडून जाता, ते आताच सांगून टाका!"

ती गाडी चालू व्हायला तीन वर्षं लागली. पार्ट मिळत नव्हते, मिळाले तर बसत नव्हते. मग बाबांनी इंडस्ट्रियल एरियात ओळखीच्या लेथवर एकेक बुश स्वतः खरादला. पाण्याचा पंप बनवला, गिअरचा दांडा बनवला, दाराचं हँडल बनवलं. आज त्या गाडीत इंग्लंडचं किती उरलंय आणि भिलाईचं किती, हे मलाही सांगता येणार नाही. मला त्याचा फार अभिमान आहे. विकत घेऊन मिरवणारे पुष्कळ असतात, माझ्या बापानं ती घडवली.

आता तिचे नखरेही सांगते, नाहीतर म्हणाल बाई फक्त बढाया मारते. उन्हाळ्यात रायपूरला निघालं की कुम्हारी येईस्तोवर इंजिन तापून काटा लालमध्ये. कुम्हारीचा एक ढाबेवाला आम्हाला दुरून पाहूनच पाण्याची बादली बाहेर आणून ठेवतो. पावसात हूड गळतं, तेही ड्रायव्हरच्या मांडीवर. स्पीड ब्रेकर तिरकी करून ओलांडायची, तरी पोट घासतंच. कार्बोरेटर दोन, आणि दोघांचं आपसात कधी पटत नाही. एकाला समजावून परत येईस्तोवर दुसरा रुसलेला. माझा नवरा लोको पायलट आहे, दुर्गहून मालगाड्या नेतो. तो म्हणतो, "अठ्ठावन्न डबे ओढणं सोपं आहे, तुझी ठेंगणी फाटकाबाहेर काढणं कठीण." चिडून चिडून मी कितीदा पाना फेकून दिलाय. पण तिचं इंजिन नीट लागलं ना, की मरोदा टँकच्या रस्त्यावर सकाळी सहाला जे वाटतं ते मला शब्दांत सांगता येत नाही.

आता टॅगबद्दल. हे समजून घ्या, पुढचं सगळं यावर आहे.

प्लांटमध्ये कुठल्याही यंत्रात माणूस काम करायला शिरला, की तो आधी त्या यंत्राच्या स्विचवर लाल टॅग लावतो. त्यावर त्याचं नाव, तारीख, वेळ, सही. अर्थ एकच — आत माणूस आहे, चालू करू नका. आणि नियम असा, की ज्यानं लावला त्यानंच काढायचा. दुसऱ्या कुणी नाही, साहेबानंही नाही. काढायच्या आधी मोठ्यानं विचारायचं, "मेन क्लिअर?" म्हणजे माणसं बाहेर आली का? आतून उत्तर आलं नाही की स्वतः वाकून बघायचं, मगच हात लावायचा.

बाबांनी हा नियम घरी आणला. रुआबांधाला घर बांधलं तेव्हा आधी गॅरेज झालं, आणि त्यात गाडीखाली उभं राहून काम करायला पुरुषभर खोल पिट. स्वयंपाकघराचा ओटा त्यानंतर. गाडीच्या कामासाठी बाबा चपलांच्या खोक्यांचे पुठ्ठे कापायचे, लाल रंगवायचे, स्केलनं रकाने आखायचे, आणि पिटात उतरण्याआधी टॅग भरून बाइंडिंग वायरनं सेल्फच्या नॉबला बांधायचे. त्या गाडीला किल्ली वेगळी आणि सेल्फचा ओढायचा नॉब वेगळा. नॉब ओढल्याशिवाय इंजिन लागत नाही. आई चिडवायची, "इथं कोन येते तुमची गाडी चालू कराले?" बाबा शांतपणे म्हणायचे, "चालू करनारा सांगून येत नाई."

मी त्यांच्या हाताखाली सगळं शिकले. पण बाबांनी मला शाब्बास कधी म्हटलं नाही. काम पाहायचे, "हं" म्हणायचे. प्लांटात मी लागले त्या दिवशीही "हं"च. माझ्या धाकट्या भावाला, दिलीपला, दहावीत पास झाला तर बाबा खांद्यावर घेऊन नाचले होते... असो.

आई गेली, आणि दोनेक वर्षांत बाबांची स्मरणशक्ती जायला लागली. आधी नावं गेली, मग रस्ते, मग लिहिणं. पेन हातात दिलं की फिरवून फिरवून बघतात. हयातीच्या दाखल्यावर अंगठा लावावा लागला तेव्हा मी बाहेर येऊन रडले. आणि मी कोण, ते गेलं. मला ते 'सिस्टर' म्हणायला लागले, दवाखान्यातल्या नर्सला म्हणतात तसं. समोरच्या साहू काकी, ज्या मी ड्यूटीवर असताना बाबांकडे बघतात, त्याही 'सिस्टर' आणि मीही 'सिस्टर'.

फक्त ठेंगणीत बसवलं की बाबा परत बाबा व्हायचे. एक्झॉस्टचा आवाज ऐकायचे आणि म्हणायचे, "मागचा कार्बोरेटर रिच चालून रायला." आणि खरंच त्यात पेट्रोल जास्त जात असायचं! म्हणून दर रविवारी मी त्यांना फिरवून आणायचे. दिलीपला मात्र हे पटत नव्हतं. तो नागपूरला असतो. त्याचं म्हणणं, ताई ड्यूटीवर, जावई लाइनवर, बाबा एकटे, त्यात घरात तो खड्डा. बाबांना नागपूरला न्यायचं आणि गाडी कुणा शौकिनाला देऊन टाकायची. त्याचं चूक होतं असं नाही, तेच तर दुखणं होतं. मी त्याला म्हटलं, "एकदा येऊन त्यांले गाडीत पाह्य, मंग ठरव." तो मे महिन्यातल्या एका रविवारी सकाळी येणार होता. त्या रविवारी गाडी नीट चालली नसती, तर बाबा नागपूरला गेले असते.

आता ज्या दिवसाबद्दल लिहायला बसले तो दिवस. आदल्या दिवशीचा शनिवार.

माझी सकाळची शिफ्ट होती, सहा ते दोन. साहू काकींनी साडेबाराला बाबांना जेवू घातलं, कूलर लावून झोपवलं आणि एकच्या सुमारास त्या समोर आपल्या घरी गेल्या. मी अडीचला पोचले. बाबांच्या खोलीचं दार अर्धवट लोटलेलं, कूलरची घरघर चालू, पलंगावर चादरीचा उंचवटा. झोपलेत असं समजून मी दार ओढून घेतलं. चादरीखाली बाबा नव्हते, उशी आणि लोड होता. पण ते मला नंतर कळलं.

गाडी गॅरेजमध्ये पिटावरच उभी होती, कारण आठवड्यापूर्वी मी गिअरबॉक्सचं ऑइल बदललं होतं. मला दोन्ही कार्बोरेटर जुळवायचे होते, आणि त्यासाठी इंजिन आधी पंधरा-वीस मिनिटं चालवून गरम करावं लागतं. एअर फिल्टर काढलेले, बाहेर लू सुटलेली, धूळ नुसती. धूळ कार्बोरेटरमध्ये जाऊ नये म्हणून मी समोरून आत शिरले आणि शटर ओढून घेतलं, हातभर फट ठेवून. ठरवलं होतं की इंजिन लावून द्यायचं, त्याच फटीखालून बाहेर पडायचं, कपडे बदलायचे, चहा टाकायचा आणि मग येऊन ट्यूनिंग करायचं.

प्लांटवाले वाचत असतील तर त्यांनी आत्ताच कपाळावर हात मारला असेल. बंद खोलीत चालू इंजिन! त्याच्या धुरात जो सीओ, म्हणजे कार्बन मोनॉक्साइड गॅस असतो त्याला रंग नाही, वास नाही. माणूस ओरडतही नाही, नुसता झोपतो. हे मी नव्या पोरांना दर महिन्याला शिकवते. पण मी स्वतः आत थांबणार नव्हते ना... मग कसली भीती? असा विचार केला होता मी. मी, गॅस मोजणारी बाई! आजही आठवलं की स्वतःचीच लाज वाटते.

गाडीत बसले. किल्ली फिरवली. पेट्रोलचा पंप टक् टक् टक् करायला लागला. सवयीनं, न बघताच हात सेल्फच्या नॉबवर गेला... आणि नॉबऐवजी हातात पुठ्ठा आला.

लाल टॅग.

पहिल्यांदा मला राग आला. वाटलं, बाबांनी कुठला तरी जुना टॅग शोधून अडकवला. ओढून तोडणारच होते, वायर बोटात धरलीसुद्धा. मग दिव्याच्या उजेडात अक्षर दिसलं.

अक्षर माझं होतं.

माझं पूर्ण नाव — मंदाकिनी, मधे बाबांचं नाव, मग आडनाव. माझा प्लांटातला टोकन नंबर. त्या दिवशीची तारीख. वेळ, दुपारी एक दहा. खाली माझी सही. माझ्या सहीची एक खोड आहे. शेवटची रेघ मी मागे नेऊन नावाच्या खालून परत काढते, आणि घाईत असले की तिला मधे एक तुटक जागा पडते. ती तुटक जागाही तिथे होती.

मी तो टॅग लिहिला नव्हता. लावला नव्हता. मी सकाळी साडेपाचला घरातून निघाले होते.

डोकं म्हणत होतं, काहीतरी गंमत आहे, तोड आणि लाव गाडी. पण हात हलेना. इतक्या वर्षांची सवय तोंडातून आपोआप बाहेर आली. प्लांटमध्ये ओरडते तशी मी त्या बंद गॅरेजमध्ये ओरडले —

"मेन क्लिअर?"

आणि माझ्या पायांखालून उत्तर आलं.

"रुको! आदमी अंदर है!"

आवाज बाबांचा होता. गेल्या दोन वर्षांतला बारीक, चाचपडणारा नव्हे. शिफ्टमध्ये भट्टीच्या गोंगाटावरून दुसऱ्या टोकाला पोचायचा तो, जुना.

किल्ली बंद केली. उतरले, शटर पूर्ण वर केलं आणि गाडीच्या मागे धावले. पिटाच्या पायऱ्यांवर मी टाकलेला पत्रा बाजूला सरकवलेला होता. अंगणातून गॅरेजमध्ये यायच्या दाराची कडी काढलेली. खाली बाबा बनियनवर उभे, हातात इंचाचा पाना. गुडघ्यांमुळे ज्यांना दोन पायऱ्या चढता येत नाहीत, ते उतरले कसे देव जाणे. त्यांच्या डोक्यापासून वीतभर अंतरावर सायलेन्सरचा पाइप होता.

मी नॉब ओढला असता तर इंजिनाच्या आवाजात त्यांची हाक मला ऐकू आली नसती. मी चहा टाकला असता. मी चहा गाळत असताना माझे बाबा त्या खड्ड्यात, माझ्या हातानं... हे वाक्य मी आजवर पूर्ण केलेलं नाही, इथेही करत नाही.

"बाबा, तुमी खाली कावून आले?" मी विचारलं.

"थंड हाय इथं," ते म्हणाले. मग पान्यानं वर दाखवलं. "अन् हा ड्रेन प्लग कोनं लावला व्हता? हातानंच फिरवून सोडला. सगळं ऑइल गयून रायलं. मी टाइट केला."

गिअरबॉक्सचा तो प्लग ऑइल बदलताना मीच लावला होता. पान्यानं कसायचा राहून गेला होता.

त्यांना वर काढायला दहा मिनिटं लागली. वर आल्यावर ते पाणी प्यायले नाहीत, बसले नाहीत. सरळ ड्रायव्हरच्या दारापाशी गेले, वाकले आणि नॉबवरचा टॅग पाहिला. नुसता पाहिला नाही, बोट ठेवून एकेक अक्षर वाचला. सहा महिन्यांत त्यांनी वर्तमानपत्राचा मथळासुद्धा वाचला नव्हता.

"मं-दा-कि-नी..." मग स्वतःचं नाव वाचलं. माझ्याकडे वळले आणि माझा चेहरा निरखून पाहिला.

"तू मंदा होय ना वो?"

मी मान हलवली.

"टॅग तू लावला?"

आता सांगा, काय म्हणणार होते मी? नाही बाबा, मी नाही लावला, मी तर गाडी चालूच करणार होते?

"हो बाबा," मी म्हटलं. "मीच लावला."

त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. ग्रीसनं माखलेला. "शाब्बास," म्हणाले. "आदमी खाली उतरला हे ध्यानात ठेवलं. असाच लावत जाय. आता तूच काढ. ज्यानं लावला त्यानंच काढाचा."

मी तो टॅग काढला. वायर सोडवताना माझ्या लक्षात आलं, पीळ उजवीकडून डावीकडे होता. मी डावखुरी आहे, माझा पीळ तसाच पडतो.

त्या संध्याकाळी मी काय काय तपासलं ते सांगते, कारण तुम्हाला वाटेल बाई घाबरली आणि बसली. बाबांनी आखलेल्या कोऱ्या टॅगचा गठ्ठा माझ्या कपाटात असतो. कपाटाला कुलूप, आणि किल्ली दिवसभर माझ्या ड्यूटीच्या बॅगेत. साहू काकींना विचारलं. त्या म्हणाल्या, "मैं तो एक बजे निकल गेंव बेटी, बाबूजी सुते रहिस. अउ मोला लिखे बर कहाँ आथे?" म्हणजे एकला बाबा झोपलेले होते, आणि काकींना लिहिता येतं कुठे! खरंच आहे, त्या सहीपुरतं लिहितात. बाबांच्या हातात पेन दिलं, कागद दिला. त्यांनी पेन कानामागे खोचलं.

आणि सोमवारी प्लांटमध्ये मी आमचं लॉगबुक उघडलं. शनिवारचं पान. दुपारी एक वाजून दहा मिनिटं, गॅस लाइनचं रीडिंग, शेरा 'नॉर्मल', आणि खाली माझी सही. रेघेत मधे तीच तुटक जागा. त्या वेळी माझ्याबरोबर दोघं उभे होते, दोघांना आठवतं. म्हणजे एक दहाला मी तिथे सही करत होते, हे नक्की. आणि एक दहालाच इथे, घरापासून प्लांटचं अंतर गाडीनं वीस मिनिटं असताना...

दिलीप रविवारी ठरल्याप्रमाणे आला. मी त्याच्यापासून काहीही लपवलं नाही. बंद शटर, पिट, सगळं सांगितलं. टॅगही दाखवला. त्यानं तो उलटसुलट करून पाहिला आणि हळूच म्हणाला, "ताई, सकाळी निघताना तूच लिवला असशीन. विसरली असशीन. रागावू नको, पन बाबांची सुरुवात बी अशीच झाली होती."

रागावले नाही. घाबरले. टॅगपेक्षा त्या वाक्यानं जास्त घाबरले. पुढच्याच आठवड्यात डॉक्टरकडे जाऊन सगळ्या तपासण्या करून घेतल्या. शंभरातून सात सात वजा करत जा म्हणाले, त्यांनी थांबवेपर्यंत मी करत गेले. काही निघालं नाही. आणि मी सकाळी लिहून विसरले असं धरलं तरी बाबा दुपारी पिटात उतरणार, हे मला सकाळी कोण सांगणार होतं?

तरी त्या रविवारी मी गाडी काढली. शटर सताड उघडं ठेवून कार्बोरेटर जुळवले होते, आणि सांगते, ठेंगणी इतकी गोड चालली की पुन्हा तशी कधी चाललीच नाही. जागा दोनच, म्हणून दिलीपला चावी दिली आणि बाबांना बाजूला बसवलं. मी फाटकात उभी राहिले. तासाभरानं दोघं परत आले. दिलीपचे डोळे लाल होते. म्हणाला, "ताई, बाबा पूर्ण रस्ताभर एकच गोष्ट सांगून रायले व्हते. मी कोन हाय ते त्यांले मालूम नाई. पन भेटल त्याले सांगतात, माह्या मंदीनं टॅग लावला व्हता म्हून मी वाचलो. माही पोरगी पक्की फिटर हाय." रात्रीच्या गाडीनं तो एकटाच नागपूरला परत गेला.

पिटावर मी आता लोखंडी जाळी बसवली आहे, कुलूपबंद. गॅरेजमध्ये सीओचा डिटेक्टर लावला आहे, दर रविवारी स्वतः तपासते. दुपारी साहू काकी आता बाबांच्या खोलीतच शिवण घेऊन बसतात. यंत्रांनी जेवढं होतं तेवढं सगळं मी केलं. तो टॅग मात्र कशानं मोजायचा ते मला कळत नाही. शाई माझ्याच पेनाची वाटते. कितीदा बाहेर काढून पाहिला, प्रत्येक वेळी अक्षर माझंच दिसतं.

एक गोष्ट मला टोचते, ती लिहून टाकते. आयुष्यभर ज्या शाब्बासकीची वाट बघितली ती मिळाली, आणि तीही मी न केलेल्या कामाबद्दल. बाबा रोज एकदा तरी विचारतात, "टॅग तूच लावला व्हता ना?" मी रोज म्हणते, हो. कामाच्या बाबतीत बाबांशी मी आयुष्यात खोटं बोलले नव्हते, आता दररोज बोलते. खरं कुणी लावला, माझं नाव का लिहिलं, हे कुणाला ठाऊक असेल तर मला कळवा. पण बाबांना कळवू नका.

कारण त्या दिवसापासून सगळं विसरलं तरी माझं नाव ते विसरलेले नाहीत. मी हे लिहीत असतानाच बाहेर कुणीतरी गाडी बघायला थांबलंय, बाबांनी त्याला धरून ठेवलंय, आणि आत हाका चालू आहेत — "मंदे, ये ना वो बाहेर, ह्याले सांग!"

आले बाबा.